बाई काढता येईल का?

नाही, पण मला एक सांगा, पक्ष्याचा फोटो काढायला गेलेल्या माणसाला कुणी आंब्याची झाडं टिपायला लावतं का? लावतं. मला लावली. अख्ख्या पाड्याने लावली, आणि वर भाकरी खायला घालून लावली, म्हणजे रागवायचीसुद्धा सोय ठेवली नाही... तुम्ही हसताय. हसा. मीही हसायचो आधी.

तुम्हाला सांगतो, मी चिंतामणी, अंबरनाथला एका रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, राहायला बदलापूरला, बेलवलीत. काम काय, तर आजचा निळा कालच्या निळ्याशी जुळतो का ते बघायचं. वर्षानुवर्षं. असं काम करणाऱ्या माणसाला काहीतरी लागतं हो. कुणी बाटली धरतो, कुणी बुवा धरतो, मी कॅमेरा धरला. सेकंडहँड, रशियन, वजनाला वरवंटा. उल्हासनगरच्या चेतनदास फोटोवाल्याने गळ्यात मारला, "साईं, ये कॅमेरा गिरेगा तो जमीन टूटेगी." खरं बोलला होता, एवढंच खरं बोलला होता.

आणि कॅमेरा आला की मंडळ येतंच. आमचं छायाचित्र मंडळ, दर रविवारी अंबरनाथला एका शाळेच्या वर्गात, तिसरीच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचो. अध्यक्ष शंकरराव. शंकररावांनी आयुष्यात एकच फोटो गाजवलेला, माथेरानच्या धुक्याचा, आणि त्यात धुक्याशिवाय काहीही नव्हतं. पण बोलायचे असे, की हिमालय यांच्याच परवानगीने उभा आहे. "चिंतामणराव, लक्षात ठेवा. निसर्ग म्हणजे माणूस नको." फळ्यावर लिहायचे ते. निसर्ग म्हणजे माणूस नको. माणूस नको, गुरं नकोत, कुंपण नको, विजेची तार नको, आणि पायवाट दिसत असेल तर तीही नको, कारण पायवाट कुणी केली? माणसाने.

आता मला सांगा, आमच्या या पट्ट्यात माणूस नसलेली जागा आणायची कुठून? उल्हासनगरला दोन माणसांच्या मधे तिसरा माणूस असतो आणि त्याच्या डोक्यावर जीन्सचं गाठोडं असतं. अंबरनाथला कारखान्यांच्या चिमण्या, बदलापूरला नवीन बिल्डिंगा. राहिलं काय, तर बारवी धरण. कुणीतरी म्हणालं, तिकडे थंडी पडायला लागली की स्वर्गीय नर्तक येतो. पांढराशुभ्र पक्षी, काळं डोकं आणि हातभर लांब शेपटी, फीत सोडल्यासारखी. मंडळाची स्पर्धा तोंडावर आलेली. मी म्हटलं, आपण नर्तक आणायचा.

दिवाळी उरकलेली, मार्गशीर्ष लागला होता. अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदची गोष्ट ही. पहाटे निघालो, लुनावर. डोक्याला माकडटोपी, गळ्यात कॅमेरा, पाठीला भाड्याने आणलेली ती लांब नळकांड्यासारखी लेन्स, आणि मागे सुतळीने बांधलेला ट्रायपॉड. अंगात खाकी शर्ट, खाकी पँट. का? तर शंकरराव म्हणाले होते, "खाकी घाला, पक्ष्यांना दिसत नाही." पक्ष्यांना दिसत नसेल, पण खेड्यात खाकी कपडा आणि तीन पायांचा स्टँड घेऊन उतरलेला माणूस कुणाला दिसत नाही? हे शंकररावांनी सांगितलं नाही.

मी धरणाच्या पलीकडे एका पाड्याशी लुना लावली. भातं कापून झालेली, पेंढ्याच्या गंजी रचलेल्या, रिकाम्या शेतांत वाल नुकता वर आलेला, आणि पाण्यावरून धुकं असं हळूहळू सरकत होतं, की मला शंकररावांचा पहिल्यांदा हेवा वाटला. बांधावर एक आंबा होता. त्याच्यासमोर स्टँड उभा केला, लेन्स लावली, डोळा लावला. मान वळवतो तर मागे माणूस. उघडा, खांद्यावर घोंगडी, हातात विळा. नाथा त्याचं नाव. रागाने नाही हो, शांतपणे म्हणाला, "सायेब, मोजनी चालू झाली?"

म्हटलं, कसली मोजणी? पक्ष्याचा फोटो काढतोय.

"पक्षी?" त्याने लेन्सकडे बघितलं, माझ्या पँटकडे बघितलं. "पक्षी काढाया येवढा मोठा नळा?"

आता झालं होतं असं, की धरणाची भिंत वाढवणार अशी बातमी होती. पंधरवड्यापूर्वीच तिथे कुणी साहेब येऊन लालपांढऱ्या काठ्या रोवून गेले होते. आणि पाठोपाठ मी, खाकीत, स्टँड घेऊन. तुम्ही असता त्याच्या जागी तर काय समजला असता? मी म्हटलं, बाबा रे, मी सरकारी नाही, मी रंगाच्या कारखान्यात असतो. तर म्हणतो, "नका सांगू सायेब. तुमाला सांगाया बंदी असंल. आमाला समजतंय." आणि गेला धावत. मला वाटलं, गेला एकदाचा. कसला जातो. पाडा घेऊन आला.

पुढे दौलतराव. ते त्यातल्या त्यात मोठे शेतकरी, डोक्याला फेटा, पायात वहाणा. ते आले तेच चढ्या आवाजात. "आधी स्टँड आडवा करा. आमचं लेखी काय ते द्या, मग डोळा लावा." त्यांच्या मागे नाथाची बायको अंजनी, कडेवर मूल, ती माझ्या कॅमेऱ्याकडे बघत होती, साप बघावा तशी. आणि सगळ्यांच्या मागून काठी टेकत नाथाची आई, बनूबाई. ती आली, तिने सगळ्यांना हाताने बाजूला केलं आणि मला विचारलं, "तुला झाडं दिसत्यात ना त्यातून?"

म्हटलं, दिसतात आजी.

"मंग काढ. मागल्या टायमाला धरान बांधलं, तवा भरपाईत माज्या सासऱ्याची झाडंच मांडली नाय. हिरवं रान म्हनून लिवलं. रान म्हने. आमी रान होतो का रं?"

तुम्हाला सांगतो, माझ्या डोक्यात एकीकडे शंकरराव फळ्यावर लिहितायत, निसर्ग म्हणजे माणूस नको, आणि समोर ही म्हातारी विचारतेय, आम्ही रान होतो का. मी म्हटलं, आजी, माझ्या फोटोचा उपयोग नाही व्हायचा. ती म्हणाली, "नसंल तर नसंल. काढून तर ठेव."

मग काय विचारता. आंबा, फणस, चिंच, मोह... एकेका झाडाशी नेऊन उभं करायचे मला. आणि झाड एकटं चालायचं नाही. झाडाला हात लावून मालक उभा पाहिजे, नाहीतर झाड कुणाचं ते कळणार कसं? सगळे ताठ, श्वास रोखून, डोळे वटारलेले. मी म्हणतोय जरा हसा, तर नाथा म्हणतो, "हसलो तर खोटं वाटंल." बांधावरच्या त्या पहिल्या आंब्याशी तर दौलतराव आणि नाथा दोघंही उभे, एकाने इकडची फांदी धरलीय, दुसऱ्याने तिकडची. पिढीजात भांडण. दौलतराव म्हणतात, "याला बाजूला घ्या." नाथा म्हणतो, "मला बाजूला घेतलं तर तुमच्या मशिनीला बाजूला घेईन." शेवटी दोघांचा मिळून काढला. त्या झाडाखाली ते दोघं एकत्र उभे राहिल्याला किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक.

मधे अंजनीने नाचणीची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. वाढताना पहिल्यांदा बोलली, हळूच. "भाऊ, पानी खरंच येनार का?" सायेब नाही, भाऊ. मी म्हटलं, मला नाही माहीत गं. तिला ते पटलं. सबंध पाड्यात माझ्यावर विश्वास ठेवणारी ती एकटी, आणि तिला माझ्याकडून काही मिळण्यासारखं नव्हतं.

ऊन चढलं, रोल संपत आला. एकच फोटो उरला असेल, तो मी नर्तकासाठी ठेवला होता. तर बनूबाईने हाक मारली. "माजा राहिला." झोपडीच्या मागे करवंदीचं जाळं आणि त्यात वाढलेलं एक शेवग्याचं झाड. तिने स्वतः लावलेलं. ती त्याच्याशी जाऊन उभी राहिली, पदर डोक्यावर नीट घेतला, काठी मागे लपवली. मी डोळा लावला... आणि तो आला.

आईशप्पथ सांगतो, तो आला. पांढरा. फांदीवर बसला, बनूबाईच्या डोक्याच्या वर वीतभर, आणि ती शेपटी, ती पांढरी फीत, खाली सोडली ती थेट तिच्या पदरावरून खांद्याशी आली. म्हातारीने मान नाही वळवली, नुसते डोळे वर केले, आणि हसली. सबंध पाड्यात एकटी हसली. मी बटण दाबलं. रोल संपला. पक्षी गेला.

रोल चेतनदासकडे धुवायला टाकला. घ्यायला गेलो तर फोटोंचा गठ्ठा हातात धरून बसलेला. "साईं, ये क्या है? सब झाड का पासपोर्ट फोटो?" घरी नीलिमा, म्हणजे आमची ही, एकेक बघत गेली. "अहो, हे लग्न कुणाचं? आणि सगळे एवढे रडवेले का?" मग शेवटचा आला. तो तिने खिडकीशी नेऊन उजेडात धरला, आणि गठ्ठ्यात परत ठेवला नाही.

तो मोठा करून मी मंडळात नेला. शंकररावांनी चष्मा वर केला, खाली केला. "चिंतामणराव, पक्षी अप्रतिम. प्रकाश अप्रतिम. पण..." म्हटलं, पण काय? "निसर्ग म्हणजे माणूस नको. ही बाई काढता येईल का?"

कशी काढणार? तिच्या डोक्यावरून कापावं तर शेपटी तुटते. शेपटी ठेवावी तर पदर येतो, पदराबरोबर खांदा येतो, खांद्याबरोबर ती येते. शंकररावांनी पुठ्ठ्याचे तुकडे धरधरून बघितले, इकडून, तिकडून. निघेना. म्हातारी हटेना. फोटो बाद.

बाकीचे फोटो मी पाड्यात नेऊन दिले. नाथाने ते सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले. पुढे खरे मोजणीवाले आले तेव्हा त्यांच्यापुढे काढले. तो साहेब म्हणाला म्हणे, "झाड दिसतंय. तूही दिसतोयस. पण झाडाला हात लावला म्हणजे झाड तुझं कसं? उद्या तू माझ्या जीपला हात लावशील." नाथाने मला हे फॅक्टरीच्या गेटवर येऊन सांगितलं, आणि मला विचारलं, "सायेब, आमी हसायला पायजे होतं का?"

मग दहाएक वर्षांनी धरणाची भिंत वाढली. पाणी मागे मागे येत गेलं. पाडा उठला, कोण कुठे गेलं ते धड कळलं नाही. मी थंडीत पुन्हा गेलो, जाऊ नये असं नीलिमा म्हणत असताना गेलो. ओळखूच येईना. नुसतं पाणी, वर धुकं, आणि पाण्यातून वर आलेल्या एका वाळक्या फांदीवर एक खंड्या. झोपडी नाही, गंजी नाही, बांध नाही, पायवाटसुद्धा नाही. मी फोटो काढला. सवयीने काढला हो, हाताला सवय असते.

मंडळाच्या स्पर्धेत त्याला पहिला नंबर मिळाला. शंकरराव तोपर्यंत थकले होते, पण व्यासपीठावर उभे राहून बोलले. "याला म्हणतात निसर्ग. माणसाची खूणसुद्धा नाही." टाळ्या. शाल. मी शाल घेतली. काय करणार, खांद्यावर टाकूनच टाकली त्यांनी.

ती शाल घेऊन मी मंडळातून निघालो तो घरी नाही गेलो. नाथा अंबरनाथलाच बुवापाड्यात राहतो असं फॅक्टरीच्या गेटवरच्या एकाने सांगितलं होतं. शोधत शोधत गेलो. पत्र्याची खोली, दारात पिंपांची रांग. नाथा कामावर गेलेला, कुठल्याशा कंपनीत कंत्राटावर. अंजनी होती, केस पांढरे झालेले. आणि आत खाटेवर बनूबाई. जिवंत. दिसत कमी होतं, पण आवाज तोच. मी शाल तिच्या पायावर घातली. मी नुसतं विचारलं, आजी, करमतं का इथे?

ती म्हणाली, "न करमाया काय झालं? शेत येतंय की भेटाया."

मला वाटलं, म्हातारी भ्रमली. मी अंजनीकडे बघितलं. अंजनीने कोपऱ्यातल्या नळाकडे बोट केलं.

"धरनाचंच पानी," बनूबाई म्हणाली. "सकाळी येतंय, वाईच येळ. त्ये बी बारीक धारंनं." आणि सुनेला म्हणाली, "दे गं त्याला पेलाभर. आपल्या घरचं हाय."

अंजनीने पेला भरून दिला. काय करणार... प्यायलो. तुम्हाला म्हणून सांगतो, चव काही वेगळी नव्हती. क्लोरीनचा वास तेवढा येत होता.