आवाज थांबला ती दुपार

वीजकेंद्रासमोरच्या बसथांब्यावर माझ्यापुढे दोघी बहिणी उभ्या होत्या. धाकटी पाहुणी आली होती.

"ताई, हा घूंऽऽ आवाज कधी थांबतच नाही का गं?"

"आम्हाला आता तो ऐकूच येत नाही. गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी थांबला होता. पाळण्यातली पोरं दचकून रडायला लागली. सगळी वसाहत रस्त्यावर आली, पण कुणी बोलेना."

"एवढं काय घाबरायचं?"

"अगं, इथलं बंद पडलं की अर्धा देश बंद. तुझे भावोजी अनवाणीच पळाले कामावर."

"म्हणजे त्या दुपारी आमचा पंखा बंद पडला, तो इथून? रात्रभर गाडीत बसून यावं लागतं मला, एवढ्या लांबून?"

"इथूनच."

"आणि मी तिकडे वीजवाल्यांना शिव्या घालत होते."

"ऐकू आल्या असतील. इतकी शांतता होती."