बुधवारच्या दोन सह्या

बसा हो साहेब, घाई कसली — उभ्या उभ्या कागद सरकवलेत आणि म्हणालात, "जरा शिक्का मारा बाई." मारते की. शिक्क्याचंच टेबल आहे हे, पण आधी तपासणीचं. दर तीन वर्षांनी प्रत्येक पोलिसाचं प्रमाणपत्र आमच्या मंडळातून नवं होतं, प्रशिक्षणाचे तास भरले असतील तर — आणि नाही झालं तर वर्दी उतरते. शिपाई असो, नाहीतर तुमच्यासारखा निरीक्षक. ठाऊक आहे तुम्हाला, माहितेय मला — मी आपलं एकदा मोठ्यानं म्हणून बघितलं. तीन वर्षं मनातल्या मनात म्हणतेय.

ही तुमची हजेरी. आठवडाभराचा वर्ग, विषय 'ताब्यात घेताना बळाचा वापर'. रोज दोन सह्या — सकाळी एक, जेवणानंतर एक. आता बघा, सोमवार, मंगळवार, बुधवार, पार शनिवारपर्यंत — तीच शाई, तोच तिरकेपणा. सोमवारीच उरकल्यात ना सगळ्या? सगळेच करतात म्हणता? करतात की! आणि मी डोळे मिटून शिक्के मारते, खोटं कशाला बोलू. पण बुधवारी, साहेब — बुधवारी सकाळी साडेअकराला तुम्ही आमच्या घरी होतात. तिसरा मजला, जिन्याचा कठडा मोडका. आठवलं? स्वयंपाकघराच्या दारात एक उंच पोरगा पालथा पाडलेला, हातात बेड्या, आणि तुमचा गुडघा त्याच्या पाठीवर. माझा धाकटा भाऊ तो. लांबू म्हणायचो आम्ही. आडनाव वेगळं, कारण माझं लग्न झालंय, त्यात काय एवढं! चौकशीत काय सांगितलंत? 'प्रशिक्षणाप्रमाणे वागलो.' आणि वर याच वर्गाचं प्रमाणपत्र जोडलंत. त्यावर नुसता महिना, तारखा नाहीत — सुटलात. तारखा फक्त या हजेरीवर, आणि ही हजेरी तुमच्या ठाण्याच्या कपाटात, आज तुम्ही स्वतःच्या हातानं आणून देईपर्यंत. वाटच बघत होते. हे टेबल नकोसं असतं सगळ्यांना — मी अर्ज करून मागून घेतलं.

त्या बुधवारी वर्गात काय शिकवलं ठाऊक आहे? पुस्तकाचं पान चौदा — बेड्या पडल्या की माणसाला लगेच कुशीवर वळवा. कुशीवर! बाळाला वळवतात ना, तसं. एवढंच होतं हो. तुम्ही खरंच त्या वर्गात बसला असतात तर तो आज असता. आता बोला — वर्गात होतो म्हणालात तर चौकशीतला जबाब खोटा, घरी होतो म्हणालात तर हजेरी खोटी. इकडे आड, तिकडे विहीर. घ्या उडी, कुठं घ्यायची ती! हात जोडू नका. बायकोमुलांचं मला सांगू नका. आमची आई अजून त्याच्या लांबलचक पँटी धुऊन दोरीवर घालते — दर आठवड्याला, न वापरलेल्या. तुमची वर्दी उतरेल ना, त्या दिवशी मला दोन घास गोड लागतील. बघाच तुम्ही.

काय? फोन? फोन कुणी केला होता म्हणजे — फायलीत आहे की, 'घरातील महिला'. तो ताटल्या फोडत होता, गोळ्या थुंकून टाकल्या होत्या, आईला ढकललंन — ती म्हणत होती, नको बोलावूस गं पोलीस, होईल शांत तो. मीच म्हटलं, आई, घाबरतेस काय, मी मंडळात आहे ना, मला माहितेय, कसं हाताळायचं ते शिकवलेलं असतं त्यांना, सगळ्यांचे तास भरलेले अस—

उठा. कागद राहू द्या इथंच. उठा म्हणते ना!