फाटक कुणाच्या यादीत

शिफा : मग तूच सांग धुळा, माझे अब्बा नेमके कुणाच्या हद्दीत गेले?

धुळा : शिफाताई, मी साधा ग्रामसेवक. 'घरी मयत' लिवूया की. पाच मिनिटात दाखला देतो.

शिफा : घरी नाही गेले ते. सांगलीला नेताना ॲम्ब्युलन्स आपल्या फाटकावर उभी होती, सकाळची बावीस मिनिटं. दोन मालगाड्या गेल्या. पहिली गेली तेव्हा अब्बा बोलत होते.

धुळा : पर फाटक रेल्वेचं. रेल्वे केंद्राची. आमी कसं...

शिफा : रेल्वेवाल्यांना विचारलं. म्हणाले, फाटक आमचं, माणूस गावचा. दवाखान्यात म्हणाले, आमच्या दारात आणला तेव्हा तो गेलेलाच होता. रस्त्याच्या ऑफिसात म्हणाले, रुळांच्या अलीकडचा रस्ता आमचा, पलीकडचाही आमचा, मधलं काही ठाऊक नाही. आमदारांचा माणूस अधिवेशनात प्रश्न मांडणार आहे. वकील म्हणतात कोर्टात जा, तारीख मिळेल.

धुळा : तारीख आजचीच हाय बघा. सर जाऊन एकविसावा दिवस. आज नोंद झाली न्हाई तर उद्यापासनं दंड, आन म्हयना उलटला की कागद वर जाणार.

शिफा : वर म्हणजे?

धुळा : तालुक्याला. तितनं जिल्ह्याला.

शिफा : तीस वर्षं अब्बा हेच शिकवत होते. केंद्राच्या यादीत काय, राज्याच्या यादीत काय, पंचायतीचं काय. तूही होतास ना वर्गात?

धुळा : व्हतो की. मोहिद्दीन सरांच्या तासाला अर्धं वर्ष मी उभाच. उत्तर आलं न्हाई की उभं राहायचं, कुणीतरी खरं उत्तर देईपातूर. असा नेमच व्हता त्यांचा. ...आलं बघा सरपंच.

दिग्विजय : सरांचं लय वाईट झालं, ताई. काय अडलंय?

शिफा : सरपंच तर अपेक्षावहिनी आहेत ना?

दिग्विजय : ती घरी हाय. मीच बघतो सगळं.

शिफा : अब्बांनी सगळ्यांचे अधिकार पाठ करून घेतले होते. त्यात सरपंचाचा नवरा कधी आला नाही.

दिग्विजय : पुस्तकात लय गोष्टी नसत्यात. 'घरी' लिवा आन मोकळं व्हा. फाटकाचं नाव कागदावर आलं की पेपरवालं येणार, फाटकाखालच्या भुयारी रस्त्याचं काय झालं विचारणार.

शिफा : विचारू देत. तीनदा भूमिपूजन झालंय. एकदा दिल्लीवाल्यांनी केलं, एकदा मुंबईवाल्यांनी, एकदा तुम्ही.

दिग्विजय : आमचा आमच्या पातळीवर पाठपुरावा चालू हाय.

शिफा : दिसतंय. नारळ तरी प्रत्येक पातळीवर फुटलाय.

दिग्विजय : धुळा, 'घरी' लिव. मी सांगतो म्हणून लिव.

शिफा : धुळा, मरणाची नोंद करायचा अधिकार कुणाला?

धुळा : मला.

शिफा : ह्यांना?

धुळा : न्हाई. पर ताई, मला रोज ह्यांच्यातच बसायचंय. तुमी आज जाशीला.

शिफा : दुसरी मालगाडी यायच्या आधी अब्बांनी मला काय विचारलं, सांगू? 'शिफा, फाटक कुणाच्या यादीत?' थट्टेत. मला उत्तर येत होतं. मी म्हटलं, बोलू नका, दम लागेल.

दिग्विजय : जाऊ द्या, ताई. मागचं उकरून माणूस परत येतो का? ...काय रं धुळा, उठलास का? बस की.

धुळा : उत्तर येत न्हाई, दादा.

दिग्विजय : आरं, वर्ग हाय का हा?

शिफा : बस, धुळा. मी सांगते. ठिकाणाच्या रकान्यात लिही, रेल्वे फाटक.

धुळा : लिवलं. ...वेळ?

शिफा : नऊ वाजून अठरा. फाटक नऊ बावीसला उघडलं.