तांबडीची नाटकं

...आणि वर मलाच विचारतो, ‘तुला काय कळतं रे घोड्यातलं?’ तुम्हाला सांगतो, हा आमचा काका! चाळीस वर्षं लोकांना घोड्यावर बसायला शिकवतोय, पण ज्याच्यावर बसतो त्याला काय होतंय, हे बघायचं सुचलंय कधी? आमची तांबडी घोडी, खोगीर दिसलं की कान मागे, पाठ चोरायची, चावायला धावायची... काकाचं निदान तयार! ‘नाटकं! सगळी नाटकं!’ मी कॉलेज सोडलं तेव्हाही हेच म्हणाला होता, शब्द बदलायचेसुद्धा कष्ट नाहीत! शुक्रवारी गिऱ्हाईक येणार, तांबडीला विकून मोकळा होणार म्हणे.

गुरुवारी मीच बोलावलं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, सुया टोचून दुखणं घालवणाऱ्या. एवढीशी बाई, हातात सुयांची डबी. काका तबेल्याच्या दारातूनच, ‘टोचून घोडी बरी करणार? नाटकं!’ बाई आपल्या पेनाचं टोपण कण्याच्या कडेने हळूहळू फिरवत गेल्या... आणि एका जागी तांबडी पाठ खाली घेऊन अशी खचली! ‘सूज आहे. कधीपासून?’ सांगा ना काका, कधीपासून! मग सुया. एक, दोन, तीन... चौदा! मी तिला तोंडाशी धरून उभा, आता लाथ बसते, मग बसते... आणि काय सांगू, मान खाली, ओठ लोंबतोय, आणि जांभई! दाढा दिसतील एवढी! सहा महिने दात खाणारी घोडी! काय बोटं हो ती, नेमकं दुखणं शोधणारी... कॉलेजात एका मास्तराला जरी तसली असती ना, तर कशाला सोडलं असतं?

सुया काढल्या, बाई म्हणाल्या, ‘खोगीर आणा.’ काका छाती काढून, ‘आमच्या वडिलांचं आहे!’

‘मग वडिलांचा घोडा रुंद असणार. हे हिच्या कण्यावर बसतंय. मी येईन चार वेळा, सुयांनी आराम पडेल. पण हे पुन्हा चढवलंत तर मला बोलावू नका.’

काकाला असं कुणी बोलू शकतं? तोंडावर? मी तर मनातल्या मनात बाईंच्या पाया पडलो! शुक्रवारचं गिऱ्हाईक काकाने फोनवरच परतवलं, तेही खालच्या आवाजात.

आता नवं खोगीर, तांबडी गुमान उभी राहते. आणि काका? येईल त्याला सांगतो, ‘मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, खोगीरच! काय रे, म्हणत होतो ना?’

‘हो काका,’ मी म्हणतो. घोडी घरात राहिली ना... नाटकं काय, आता मलाही जमतात.