गुरुवारचा कागद

टेनेसीतल्या काउंटी कचेरीत परवान्याच्या रांगेत नदीन टॅकेटच्या पुढे दोघं उभे होते, घरं बांधणारा व्हर्लिन आणि त्याचा मुकादम ड्यूई. बाहेर पहाटेपासून पाऊस झोडपत होता.

“पाहणीचे कागद आणलेस ना, ड्यूई?”

“हे काय, आठवड्याचे सगळे.”

“फोटो?”

“कसले फोटो?”

“नवा नियम रे! पाऊस पडला की माती अडवायचं कापडी कुंपण चोवीस तासांत बघायचं, फोटो काढायचा. नुसत्या सहीवर आता भागत नाही. का रे, चेहरा का पडला?”

“मी सोमवारीच आठवडाभराचे कागद भरून ठेवतो. डोक्याला ताप नको म्हणून.”

“म्हणजे आजचा, गुरुवारचाही?”

“भरलाय.”

“काय लिहिलंयस?”

“‘पाऊस नाही. कुंपण ठीक.’”

“अरे देवा! बाहेर बघ जरा.”

“मघापासून तेच बघतोय.”

“पण कुंपण तरी ठीक आहे ना? ओढ्याकडचं?”

“ट्रक आत घ्यायला मंगळवारी पाडलं होतं.”

“परत उभं केलंस ना? ड्यूई, मी तुला विचारतोय.”

“राहिलं. पण ओढ्याच्या खाली राहतं कोण? मासे पाळणारी एक बाई. ती काय कागद तपासायला येणारेय?”

“पुढचं कोण?” खिडकीतून हाक आली.

व्हर्लिन घाईघाईनं बाजूला सरला. “तुम्ही व्हा पुढे, बाई. आम्हाला जरा वेळ लागेल.”

नदीननं पिशवीतून गढूळ पाण्याची बरणी काढून खिडकीत ठेवली. पाण्यावर बोटभर मासा उताणा तरंगत होता.

“मी ओढ्याच्या खालून आलेय,” ती म्हणाली.