प्रीतीच्या नावाची पाटी

भोकरदनच्या आधार केंद्रावरची रांग हलत नव्हती. मीनाच्या पुढे धावड्याचे धम्मपाल आणि केशरबाई उभे होते. त्यांचं बोलणं कानावर पडत होतं, आणि मीनाला ते ऐकावंसंच वाटत होतं.

“अहो, इथलं झालं की कुरिअरवाल्याकडं जाऊ. प्रीतीला पाठवायचंय.”

“जर्मनीला? पिशवी लई जड लागून राह्यली. काय हाय त्यात?”

“तिथं दारावर नाव नसलं की पोस्टमन पाकीट परत नेतो म्हणं. पोरीचं बँकेचं कार्ड दोनदा परत गेलं. कार्डाबिगर खातं चालू न्हाई, खात्याबिगर पगार न्हाई.”

“ते ठाऊक हाय. पिशवीत काय हाय?”

“पाटी.”

“कोणती?”

“आपल्या दारावरची. ग्रामपंचायतीनं लेकीच्या नावानं लावल्ती ती.”

“अगं, मराठी पाटी तिथला पोस्टमन वाचीन का?”

“तुम्ही इथं राहून वाचली का? सकाळपासून दार बोडकं हाय, दिसलं तुम्हाला?”

धम्मपालांनी पिशवीत डोकावून पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. केशरबाईंनी स्पीकर लावला.

“आई, कार्ड मिळालं! घरमालकीणबाईंनी माझ्या नावाची पाटी केली, अन् स्वतःच्या नावाच्या वर लावली!”

“वर? अगं माय!”

“केशर, चल घरी.”

“अन् रांग?”

“रांग राहू दे. परक्या बाईनं पोरीचं नाव वर लावलं, अन् आपण पिशवीत घेऊन फिरून राह्यलो!”

केशरबाई वळल्या.

“ताई, आमचा नंबर धरता का? धावड्याला पाटी ठोकून येतो.”

“जा बिनधास्त,” मीना म्हणाली. “पण सरळ ठोका.”