चार मेगाबाइट

अमेरिकेतल्या पकिप्सी गावात डोळ्यांच्या डॉक्टरकडे बसलो होतो. शेजारी मेनफ्रेमवर, म्हणजे जुन्या खोलीएवढ्या कंप्युटरवर, काम केलेले दोन निवृत्त गृहस्थ बोलत होते.

"व्हिटो, लॅपटॉपवर सॉफ्टवेअरनं आपला जुना मेनफ्रेम उभा केलास म्हणे! मेमरी किती दिलीस?"

"चार मेगाबाइट."

"एवढीच? कंजूष लेकाचा! सोळा दे की, पळेल."

"पळायला नकोय, अर्नी. हळू चालावा म्हणून तर कमी केली."

"हळू कशाला?"

"आमची लोरेन होती तेव्हा सुट्या भागांची यादी निघायला चाळीस मिनिटं लागायची. तेवढा वेळ ती माझ्यासमोर कॉफी घेत बसायची."

"आणि आता?"

"तीन सेकंदांत निघते."

"अजून कमी करून बघ."

"त्याखाली मशीन सुरूच होत नाही."

"मग रे?"

"मग काय! दोन कप कॉफी ओततो. तिचा कप गार झाला, की यादीचं बटण दाबतो."